शनिवारचा कागद

भरती नऊ चाळीसला.
म्हणजे पाद्रीही नऊ चाळीसला, आधी नाही;
ओहोटीत त्याची होडी चिखलात रुतून बसते.
चिलोएत मुहूर्त समुद्र काढतो,
मी फक्त तो कागदावर उतरवते.

मी, निन्फा ओयार्सो. चुलीशी पाय, मांडीवर वही.
एकोणतीस वर्षं हाच धंदा:
दुसऱ्यांच्या आनंदाचे
पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडायचे.

सात. रोसाल्बाचे केस. एदुविना मावशी घालणार,
म्हणजे साडेसात धरा.
झग्याला मागून बावीस बटणं. मोजून आले आहे.
आठ वीस. खिडकीशी एकटी.
ऊन असलं तर उत्तमच, नसलं तरी खिडकीशीच;
ढगातून गाळून आलेला उजेड
रडून सुजलेल्या डोळ्यांना सांभाळून घेतो.
दहाला धक्का. पाहुणे उतरतील,
टाचांचे बूट हातात घेऊन.
अकराला चर्च. लाकडी, आत काळोख,
फ्लॅश मारला तर पाद्री प्रार्थना थांबवून बघतो.

बारा दहा. कुटुंब.
इथे पेन्सिल अडते.

नवरीचे आईवडील एका चौकटीत उभे राहिले
त्याला एकोणीस वर्षं झाली.
आईचा निरोप भाचीकडून आला: त्याच्या शेजारी नको.
वडिलांचा फोनवरून, खोकत: ती म्हणेल तसं.
तर मग आई बारा दहाला, हायड्रेंजियापाशी.
वडील बारा वीसला, धक्क्यावर.
मधलं अंतर चार मिनिटांचं,
झगा उचलून चालायचं तर सहा.
लिहून टाकली सहा.
लहानपणापासून ती तेच अंतर तुडवतेय,
तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

एक वाजता कुरांतोचा खड्डा उघडणार.
तो नवरानवरीसाठीसुद्धा थांबत नाही.
तापल्या दगडांवर शिंपले, बटाटे, डुकराचं मांस,
वर नाल्काची छत्रीएवढाली पानं;
ती बाजूला केली की वाफ उसळते
आणि मिनिटभर
कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते कळत नाही.

पानं कोण उचलणार, मी विचारलं.
रोसाल्बा म्हणाली, आईला चांगलं जमतं.
मग बराच वेळ नखं बघत बसली.
मग म्हणाली, आणि बाबांना.

मी काही बोलले नाही.
एक वाजून दोन मिनिटं, लिहिलं. वाफ. रुंद लेन्स.

पुढचं सोपं आहे. केक, नाच, नवऱ्याचे मित्र,
सगळे सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला,
फोटोत उभे राहतात तेही पाळी बदलायला आल्यासारखे.
साडेआठला तिरपं ऊन, तेवढ्यात दोघांना किनाऱ्यावर.
दहाला पुन्हा भरती, होड्या परत.

तीन चाळीस ते तीन पन्नास मी कोरं सोडलंय.
दर लग्नात सोडते, कुणाला सांगत नाही.
सांगितलं की त्यात कुणीतरी एखादा काका आणून बसवतं.

माझ्या लग्नात दीर अन्सेल्मोने दिवसभर फोटो काढले.
कॅमेऱ्यात रोलच नव्हता.
छत्तीस झाले तरी त्याचा चाप अडेना,
तेव्हाच शंका यायला हवी होती.
आम्ही आपले हसत राहिलो त्या रिकाम्या पेटीपुढे.
नवरा होता तोवर म्हणायचा,
बरं झालं, टक्कल पुराव्यानिशी राहिलं असतं.
मला त्यातला चाळिसावा अजून आठवतो:
त्याच्या बाहीवर माशी, आणि ती हाकलताना
मी पहिल्यांदा त्याला चारचौघांत हात लावलेला.

कागद दुमडला. पाठीमागे सामानाची यादी:
चार बॅटऱ्या, कोरडे मोजे, सुईदोरा, पाव.
आणि सगळ्यांच्या खाली, कॅमेरा बदलून
पंधरा वर्षं झाली तरी,
रोल घातला का?